पुतण्याकडून अंगणात पेव्हर बसवायचे, पण कागद कसा मागायचा?

(परभणी जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात.)

आमचं घर तालुक्याच्या गावात आहे. पूर्वी तिथं कापसाचं रान होतं, पुढं एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले. गेटपासून पोर्चपर्यंतचं २० बाय ३२ फुटांचं अंगण अजून मातीचंच आहे. सुगीत सोयाबीनचं ट्रॅक्टर आत येतं, त्याच्या चाकोऱ्या वर्षभर बुजत नाहीत. पावसाळ्यात चप्पल चिखलात रुतते आणि नवी कार गेटाबाहेर उभी करावी लागते. कोपऱ्यात सासूबाईंनी लावलेला लिंब आहे. मेमध्ये मुलाचं लग्न आहे, मांडव अंगणातच पडेल. त्याआधी पेव्हर ब्लॉक बसवून घ्यायचं ठरलं आहे. थोरल्या दिरांचा मुलगा हेच काम करतो. त्यानं ५८ रुपये फूट भाव सांगितला. "६० एमएमचे ब्लॉक टाकू, काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका," म्हणाला आणि मटेरियल उचलायला २५ हजार आधी मागितले. गावाबाहेर टेकडीवरच्या देवीच्या मंदिरासमोर त्यानं दोन वर्षांपूर्वी काम केलं आहे, ते अजून जसंच्या तसं आहे. नांदेडच्या एका गुत्तेदारानं येऊन मापं घेतली आणि ९६ रुपये फुटाचं एस्टिमेट कागदावर दिलं. मी म्हणते, पुतण्याकडूनही लिहून घेऊ. आमचे हे म्हणतात, "घरच्या पोराला कागद मागतेस? भावकीत तोंड दाखवायला जागा राहील का?" बाहेरच्याला काम दिलं तर दीर-जाऊ लग्नात तोंड फुगवून बसतील. काय करू?

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. घर कापसाच्या रानात आहे आणि पुतण्याचं काम टेकडीवर. कागदाचं, पैशांचं, भावकीचं आपण बोलूच, पण आधी जमिनीचं बोलू. कारण ५८ आणि ९६ यांतला फरक बहुतेक तिथंच दडलेला आहे.

आपल्याकडची टेकडी म्हणजे मुरमाड माळ. वरची वीतभर माती खरडली की खाली कठीण मुरूम लागतो. त्यावर कोणीही ब्लॉक बसवावेत, दोन वर्षं काय, दहा वर्षं हलणार नाहीत. शिवाय देवीच्या दारात माणसं चालतात, ट्रॉली येत नाही. म्हणून मंदिराचं काम टिकलं, यात पुतण्याची मेहनत असेलच, पण टेकडीचाही वाटा मोठा आहे. तुमच्या अंगणाखाली काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये रानात ज्या भेगा पडतात, ज्यांत अख्खा हात जातो, तीच माती तुमच्या पोर्चपुढं आहे. एप्रिल-मेमध्ये, माती पूर्ण आक्रसलेली असताना, तिच्यावर नुसता कच (दगडाचा बारीक भुगा) पसरून ब्लॉक बसवले की लग्नाच्या दिवशी अंगण आरशासारखं दिसेल. मृग बरसला की कडेनं पाणी मुरेल, माती फुगेल, आणि तीही सगळीकडे सारखी फुगणार नाही. कडेला जास्त, मध्ये कमी. कुठं ब्लॉक उचलतील, कुठं चाकाखाली दबतील.

हे मी ऐकीव सांगत नाही. संभाजीनगरला आमचं घर झालं तेव्हा शेवटी पैशांची ओढाताण होती. गुत्तेदारानं माती सपाट केली, दोन इंच कच टाकला आणि दोन दिवसांत काम उरकून गेला. मी मात्र ब्लॉक लाल-करडा घ्यावा की पिवळा-करडा, यात आठवडा घालवला होता. ऑगस्ट येईपर्यंत गेटजवळ इतका खळगा पडला की शेजारची पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडायला यायची. गुत्तेदाराला बोलावलं तर तो म्हणाला, "मॅडम, मुरूम टाका असं तुम्ही कुठं म्हणाला होता?" मला राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं. मी खरंच म्हणाले नव्हते. खाली काय टाकणार, हे मी विचारलंच नव्हतं.

म्हणून ताई, पुतण्याला पहिला प्रश्न भावाचा नको. "ब्लॉकच्या खाली काय काय टाकणार आणि किती इंच?" हा प्रश्न विचारा. नांदेडवाल्यालाही तोच विचारा. दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवा, मग भाव बघा. माझा अंदाज असा की ५८ रुपयांत ब्लॉक, थोडा कच आणि मजुरी आहे, आणि ९६ मध्ये खोदाई, मुरूम आणि रोलरही आहे. तसं असेल तर एक महाग आणि एक स्वस्त असं म्हणता येत नाही, ही दोन वेगळी कामं आहेत. आणि नांदेडवालाही नुसते ब्लॉकच बसवणार असेल, तर मात्र ३८ रुपये खरंच जास्त आहेत.

कार येणाऱ्या अंगणाला काळ्या मातीत काय लागतं ते मी सांगते, म्हणजे समोरच्याशी बोलताना अडायला होणार नाही. काळी माती सव्वा ते दीड फूट काढायची. अंगण आत्तापेक्षा चार इंच उंच येणार असेल तर खोदाई तेवढी कमी. ती माती फेकून देऊ नका, परसात किंवा शेतात टाका, सोनं आहे ते. खड्ड्याचा तळ दाबून घ्यायचा. मग आठ-नऊ इंच चांगला मुरूम, पण एकदम ओतून नाही. चार-पाच इंचाचा थर, पाणी मारून रोलर, पुन्हा थर, पुन्हा रोलर. ही पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते, कारण ती झाकली जाते. मुरमावर तीन-चार इंच खडी आणि चुरी मिसळून दाबलेली. त्यावर इंच-सव्वा इंच कच, एकसारखा ओढलेला. कचाचा थर जाड करून खालचे खड्डे बुजवायचे नसतात. कच जिथं जाड, तिथं पुढं ब्लॉक बसतोच, म्हणजे खचतो. मग ब्लॉक, मग सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडून कॉम्पॅक्टर (दाबायचं मशीन) फिरवायचा. पुन्हा वाळू, पुन्हा कॉम्पॅक्टर. सांधे सिमेंटच्या पाण्यानं भरून देतो म्हणाला तर नको म्हणा. ब्लॉकची फरसबंदी थोडी हलू शकते, हाच तिचा गुण आहे. सांधे कडक केले की भेगा पडतात आणि पाणी मुरायचं थांबतं.

काही जण सुचवतात की खाली सरळ चार इंच काँक्रीट टाका, मग कटकटच नको. पण काळी माती न काढता टाकलेलं काँक्रीटही तिच्याबरोबर उचलतं आणि तडकतं. माती काढून मुरूम भरणारच असाल तर कारपुरती काँक्रीटची गरज उरत नाही.

हिशेबही घरीच करता येतो. तुमचं अंगण ६४० चौरस फूट. नऊ इंच दाबलेला मुरूम म्हणजे ४८० घनफूट, पावणेपाच-पाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मुरूम दाबल्यावर बसतो, त्यामुळे गाडीतून मोकळा येतो तो सहा ब्रासच्या आसपास लागतो. पुतण्या म्हणाला, "दोन ब्रासमध्ये भागवतो," तर तुम्हाला लगेच कळेल की तो चार इंचसुद्धा टाकत नाहीये. साध्या विटेसारख्या आकाराचा, म्हणजे २०० बाय १०० मिलिमीटरचा ब्लॉक घेतला तर चौरस मीटरला ५० लागतात. तुमच्या अंगणाला तीन हजारांच्या आत-बाहेर, वर शे-दीडशे कापाकापीला आणि थोडे जपून ठेवायला. जपून ठेवाच. पाच वर्षांनी तोच रंग मिळत नाही.

मुरूम आणणाऱ्याकडून रॉयल्टीची, म्हणजे सरकारी शुल्क भरल्याची पावती मागा. मुरूम गौण खनिजात मोडतो, आणि तहसीलच्या माणसांनी गाडी रस्त्यात अडवली तर लग्नघराचं काम तिथंच थांबेल.

आता ब्लॉककडे. "६० एमएम टाकू" ऐकून तुम्ही निश्चिंत झाला आहात, पण साठच का, ते कोणी सांगितलेलं नाही. पेव्हर ब्लॉकला भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. त्याच्या हिशेबानं हलक्या वाहनांना ६० मिलिमीटर आणि एम-३५ प्रतीचं काँक्रीट, मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर आणि एम-४० (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत). तुमच्या कारला साठ पुरे आहे. पण तुमच्याच पत्रात सोयाबीनचं ट्रॅक्टर आहे. भरलेली ट्रॉली दरवर्षी पोर्चपर्यंत येणार असेल तर एक तर ऐंशीचे ब्लॉक घ्या, नाही तर ट्रॉली गेटबाहेर रिकामी करायची, हे घरातल्या सगळ्यांनी आजच ठरवा. मधला रस्ताही आहे. जिथून चाकं जातात तिथं ऐंशीचे आणि उरलेल्या जागी साठचे, खालचा थर तेवढा खोल-उथळ करून. काम जरा किचकट होतं, पण मिस्त्री हुशार असेल तर करतो. ट्रॉली आत घेण्याचा हट्ट कोणाचा आहे, ते मला माहीत नाही. बहुतेक ते तुम्हाला कागद मागू नका म्हणणारेच असावेत.

ब्लॉक पसंत करायला स्वतः जा. रबरी साच्यात ओतलेले चकचकीत ब्लॉक दुकानात फार छान दिसतात, पण ओले झाले की त्यावर पाय सरकतो. लग्नघरात लगबग असते, घरात म्हातारी माणसं असतात. मशीनवर दाबून काढलेले, थोडे खरखरीत बरे. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटा. आवाज खणखणीत यायला हवा, बद्द नको. एक फोडून आत बघा, खडी नीट बांधली गेली आहे का, रंग नुसता वरून पोतल्यासारखा आहे का. २०० बाय १०० बाय ६० चा चांगला ब्लॉक पावणेतीन किलोच्या आसपास भरतो, किराणा दुकानाच्या काट्यावरही कळेल. फारच हलका असेल तर आत पोकळी जास्त आहे. रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा वजन करा. मानकाप्रमाणे पाणी शोषणं सरासरी ६ टक्क्यांच्या आत हवं. घरच्या काट्यावर प्रयोगशाळेसारखं अचूक येणार नाही, पण पावणेतीन किलोचा ब्लॉक सव्वातीनचा झाला तर तो घेऊ नका. आणि ब्लॉक किती दिवसांपूर्वी काढलेत ते विचारा. कालचा ओला माल आज गाडीत भरत असतील तर त्याला पुरेसं पाणी मिळालेलं नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. लग्नसराईत आणि मार्चअखेरीस, ग्रामपंचायतींची कामं उरकायची असतात तेव्हा, ही घाई हमखास होते.

रचना कारच्या वाटेवर आडव्या-उभ्या विटा एकमेकींत अडकतील अशी घ्या. सरळ ओळी दिसायला सुबक, पण गाडी वळताना सरकतात. आणि कडा! चारी बाजूंनी कर्ब (कडेला उभे गाडलेले ठोकळे) किंवा काँक्रीटची पट्टी नसेल तर सगळं वरचं काम फुकट. टोपलीची कड सुटली की बाकीची वीण सुटायला किती वेळ लागतो?

उताराला मात्र घाई करू नका. घराकडून रस्त्याकडे, दर दहा फुटांना दोन-अडीच इंच. लाइनदोरी आणि पाण्याची नळी लावून पुतण्यानं तो तुम्हाला दाखवला पाहिजे, नुसतं "बसतो बघा" नको. त्याआधी एक गोष्ट स्वतः बघा: तुमच्या दारापुढचा रस्ता अंगणापेक्षा उंच आहे का? आपल्या गावांत जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंट रस्ता चढतो आणि घरं खाली जातात. रस्ता उंच असेल तर रस्त्याकडे उतार देऊन उपयोग नाही, पाणी बाजूनं काढावं लागेल. हा निर्णय खोदण्याआधीचा आहे. गेटपुढचा रॅम्प करताना नगर परिषदेची नाली बुजवू नका, वरून उचलता येईल असं झाकण टाका.

आणि सगळं पाणी नालीतच का घालवायचं? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. अंगणाचं पाणी लिंबाच्या आळ्याकडे वळवा. छताचं पाणी पाइपानं शोषखड्ड्यात न्या, फक्त तो खड्डा घराच्या पायापासून आणि पेव्हरपासून दहा फूट तरी लांब असू द्या, नाही तर तेच पाणी काळ्या मातीला फुगवेल. लिंबाभोवती चारी बाजूंनी तीन-चार फूट मोकळं सोडा. बुंध्याला ब्लॉक चिकटवले तर आधी ब्लॉक उचलतील, मग कोणीतरी लिंबच तोडा म्हणेल.

खरं तर ६४० फूट सगळंच झाकायला हवं का, हेही एकदा मनाशी विचारा. मी तुमच्या जागी असते तर गेटपासून पोर्चपर्यंत कारपुरती दहा-अकरा फुटांची वाट नीट, खोल भरून केली असती, आणि बाकीच्या ठिकाणी थोडा मुरूम दाबून शहाबादी फरशी किंवा नुसता मुरूम ठेवला असता. त्याच पैशांत अर्धं काम पक्कं होतं. सगळं अंगण पातळ करण्यापेक्षा ते बरं. पण लग्न आहे, पाहुणे येणार, अंगण एकसारखं दिसावं असं वाटणारच. तुमचं घर, तुम्ही ठरवा.

आता कागद.

तुमचे हे म्हणतात, घरच्या पोराला कागद मागायचा नसतो. त्यांना एक विचारा. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा याद्या केल्या की नाही? किती मानपान, कोणाचं काय, हळद कोणाकडे, सगळं कागदावर, चार माणसांच्या सह्या. ज्या दोन घरांना जन्मभराचे सोयरे व्हायचं आहे, तीच घरं बसून लिहून काढतात. तेव्हा कोणी म्हणत नाही की व्याह्यांचा विश्वास नाही. उलट नंतर तोंड वाजू नये म्हणूनच लिहितात. बटईनं शेत देताना आणि ऊसतोडीची उचल घेताना तोंडी ठेवल्यामुळं घरं कशी फुटतात, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट, कागद तुमच्यासाठीच असतो असं नाही. २५ हजार आधी मागितले म्हणून पोराची नियत खोटी आहे असं मी धरणार नाही. ब्लॉकचा प्लांट लहान गुत्तेदाराला उधार देत नाही, ट्रॅक्टरवाला रोख मागतो, मजूर आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे मागतो. आणि नातेवाइकांचं काम करणारा प्रत्येक गुत्तेदार एक गोष्ट जाणून असतो: शेवटचे पैसे नातेवाईकच बुडवतात. "घरचंच आहे, देऊ की," असं म्हणत वर्ष निघून जातं. त्याला काका-काकूंकडे तगादा लावता येत नाही. तुम्हाला त्याला जाब विचारायला जड जातं, तसंच त्याला तुमच्याकडे पैसे मागायला जड जातं. म्हणून तो आधीच मागतोय, इतकंच असू शकेल.

तेव्हा त्याला असं म्हणून बघा: "बाळा, तू बाहेरच्या गिऱ्हाइकाला जसा कागद देतोस, तसाच काकूला दे. कधी, किती पैसे द्यायचे तेही लिही, म्हणजे तुला आमच्याकडे मागायला यायची वेळ येणार नाही." हे तुम्हीच बोला, आणि दीर घरात असताना बोला. पाठीमागं बोललं की त्याचं गाऱ्हाणं होतं. दीर जुन्या वळणाचे असतील तर कदाचित तेच म्हणतील, "लिहून दे रे."

कागदाला स्टॅम्प पेपरच हवा असं नाही, वहीचं पान चालेल, दोघांची सही आणि तारीख असावी. त्यात ब्लॉकची जाडी, प्रत आणि प्लांटचं नाव, खोदाई किती इंच, मुरूम किती इंच आणि किती थरांत, खडी, कच, कर्ब, उतार कुठं, काढलेली माती कोण उचलणार, पाणी आणि लाइट कोणाचं, काम कधी सुरू आणि कधी पूर्ण. वाढीव काम निघालं तर भाव आधी बोलून मगच करायचं. मापं काम झाल्यावर दोघांनी मिळून घ्यायची, लिंबाची जागा वजा करून. हे शेवटचं वाचून हसू नका, भांडणं अशाच पंधरा-वीस फुटांवरून होतात.

पैसे थरांप्रमाणे द्या. इसार म्हणून दहा टक्के. खोदून मुरूम दाबून झाला की तीस. ब्लॉक दारात उतरले की पस्तीस. बसवून झाले की पंधरा. उरलेले दहा टक्के पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर, पाणी कुठं साचतं ते दोघांनी छत्री घेऊन बघून. मेमध्ये लग्न झालं की जूनमध्ये हिशेब मिटतो, फार काळ लटकत नाही. आणि त्या दिवशी पैसे हातात ठेवा, "दिवाळीला देऊ" म्हणू नका.

प्रत्येक थर झाकायच्या आधी तुम्ही बघायचा, हीच खरी अट. कागदातली बाकीची कलमं विसरली तरी ही विसरू नका. मुरूम दाबल्यावर टेप लावून फोटो काढा. टाचेनं जोरात दाबून बघा, ठसा उमटायला नको. पुतण्या इमानदार असेल तर त्याला यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट उद्या नातेवाइकांत कोणी म्हणालं की पोरानं काकूला फसवलं, तर हाच फोटो त्याच्याही कामाला येईल.

पैशांचा प्रश्न सोडवायला आणखी एक वाट आहे. ब्लॉक तुम्ही थेट प्लांटमधून तुमच्या नावावर बिल करून घ्या आणि पुतण्याला खोदाई, भराव आणि बसवणीचं उक्तं द्या. मग त्याला पंचवीस हजारांची गरज उरत नाही. पण याला दोन बाजू आहेत. ब्लॉकवर त्याला जे दोन पैसे सुटणार होते ते जातील, तेव्हा बसवणीचा भाव त्याला मनापासून परवडेल असा द्या. घासाघीस करून मजुरीही कमी केलीत तर तो मुरमात भरपाई करेल, कोणीही करेल. आणि पुढं ब्लॉक फुटला तर "माल तुमचा" असं ऐकायची तयारी ठेवा. म्हणून माल उतरताना दोघांनी मिळून तपासायचा आणि फुटके तिथंच बाजूला काढायचे.

काम त्याला द्यायच्या आधी एकच मागणी करा. मंदिर पुरे झालं, त्याला म्हणा, "काळ्या रानातलं, गाडी जाणारं, दोन पावसाळे काढलेलं तुझं एक काम मला दाखव." तिथं कडेचे कापलेले ब्लॉक बघा, गेटची जागा बघा, चाकाच्या रेषेत पाणी साचल्याचे डाग आहेत का बघा, घरमालकीण असेल तर तिच्याशी दोन शब्द बोला. असं काम त्यानं केलेलंच नसेल तर तो नालायक ठरत नाही, त्याला या मातीचा अनुभव नाही इतकंच. मग वर सांगितलेले थर तो मान्य करतो का, आणि त्यासाठी नवा भाव किती सांगतो, ते बघा. ५८ चे कदाचित ८५ होतील. ते तुम्हाला बरंच वाटायला हवं. तो ५८ मध्येच सगळं करतो म्हणाला तर मी घाबरेन.

आणि तो कागदावरच अडला तर? तर काम नांदेडवाल्याला द्या, पण त्याचंही एस्टिमेट याच प्रश्नांनी चाळून. कागद दिला म्हणजे काम चांगलं असं थोडंच आहे? "पेव्हर ब्लॉक बसवणे, ६४० फूट" एवढीच ओळ असेल तर त्याचा कागद आणि पुतण्याचा शब्द यांत फार फरक नाही. दिरांना मात्र ही गोष्ट बाहेरून कळू देऊ नका, स्वतः जाऊन सांगा. जाऊबाईंचं तोंड दोन दिवस फुगेल. पण तोंडी व्यवहारावर काम बिघडलं तर ते किती वर्षं फुगलेलं राहील, तेही तोलून बघा.

बाकी वाचकांसाठी एवढंच, की नातं नसलेल्या गुत्तेदाराकडून फसगत झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघता येतो. पण बिल, पावती, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, थरांचे फोटो हेच तिथं बोलतात. रोख दिलेले, तोंडी ठरलेले पैसे तिथं मुके असतात.

ताई, तुमच्या हातात अजून वेळ आहे, पण फार नाही. प्लांटमध्ये ब्लॉक आत्ताच सांगून ठेवा. ब्लॉकखालून पाण्याचा आणि लाइटचा एकेक रिकामा पीव्हीसी पाइप टाकून घ्या. आज लागणार नाही, पण तीन वर्षांनी कॅमेरा किंवा नवा नळ घ्यायचा म्हटल्यावर अंगण फोडावं लागणार नाही. सेप्टिक टाकीचं झाकण ब्लॉकखाली गाडू देऊ नका, पातळीला आणून घ्या.

आणि तुमच्या पत्रात कोणीच विचार न केलेली गोष्ट: मांडव अंगणातच पडणार म्हणता, मग मुहूर्तमेढ रोवणार कुठं? मेढीसाठी आणि मांडवाच्या चार खांबांसाठी पाइपाची नळकांडी कचाच्या खालपर्यंत बसवून वर झाकणं ठेवायला पुतण्याला आत्ताच सांगा. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडववाला पहार घेऊन आला आणि नवे कोरे ब्लॉक उपटायला लागला, तर ते पुन्हा बसवायचे पैसे पुतण्या वेगळे मागेल. आणि ते वाढीव काम असेल, कागदात लिहिल्याप्रमाणे.